शब्दचर्चा: लॅटिनचं ‘-न्दुस’ आणि आपलं ‘-आयचं’

प्रश्न: अजेंडा, मेमोरँडम, रेफरेंडम, प्रोपगंडा. सगळ्यांच्या शेपटीला ‘न्द’ दिसतो. मूळ रूप एकच का?

उत्तर: एकच. त्याला जेरन्डिव्ह म्हणतात. धातूच्या वर्तमानकाळी अंगाला ‘न्द’ लावायचा आणि पुढे विशेषणासारखे प्रत्यय: -उस, -आ, -उम. अमारे (प्रेम करणे) वरून अमन्दुस. ‘न्द’मुळे आधीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. चौथ्या गणात आणि तिसऱ्यातल्या ‘-इओ’वाल्या धातूंत मध्ये ‘इए’ येतो: औदिएन्दुस, कपिएन्दुस. नवशिके हमखास ‘औदिन्दुस’ लिहितात. अर्थ नेहमी कर्मणि: अमन्दुस म्हणजे ‘प्रेम करण्याजोगा’, ‘प्रेम करणार असलेला’ हवा असेल तर अमातूरुस. अगेन्दा हे नपुंसकलिंगी अनेकवचन, ‘करायच्या गोष्टी’. मराठीत अजेंडा एकवचनी पुल्लिंगी झालाय, त्याला आता कोण अडवणार!

पुरवणी: संस्कृतचे ‘तव्य’, ‘अनीय’ हे प्रत्यय सगळ्यांना आठवतात, पण जवळचं नातं मराठीशीच जुळतं. ‘मिहि लिबेर लेगेन्दुस एस्त’ = मला ग्रंथ वाचायचा आहे. ‘मिहि एपिस्तुला लेगेन्दा एस्त’ = मला चिठ्ठी वाचायची आहे. कर्ता चतुर्थीत, क्रियेचं रूप कर्माच्या लिंगाप्रमाणे. संस्कृतात कर्ता तृतीयेत किंवा षष्ठीत जातो (मया/मम कर्तव्यम्). धातू अकर्मक असला की दोन्हीकडे नपुंसकलिंगी एकवचन: ‘मिहि एउन्दुम एस्त’, मला जायचं आहे.

दुरुस्ती: चतुर्थीचा नियम एका ठिकाणी मोडतो. धातूलाच चतुर्थी लागत असेल, तर ‘कोणी कोणाचं ऐकायचं’ असा घोळ होतो. पारेरे (आज्ञा पाळणे) हा तसा धातू. मग कर्त्याला ‘आ’ किंवा ‘आब’ लावून पंचमी देतात: ‘लेगिबुस आ नोबिस पारेन्दुम एस्त’, आम्ही कायदे पाळायचे.

आणखी एक: ‘शहर पाहायला’ याचं ‘आद उर्बेम विदेन्दुम’ करू नका. उर्ब्स स्त्रीलिंगी, म्हणून ‘आद उर्बेम विदेन्दाम’. मराठीत ‘पाहायला’ बदलत नाही, त्यामुळे इथे मराठी कान फसवतो.

प्रोपगंडाबद्दल: अजेंड्यावरून तोही अनेकवचन समजतात, ते चूक. 1622 साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी स्थापलेल्या मंडळाच्या नावात ‘दे प्रोपागन्दा फिदे’ आहे, म्हणजे ‘श्रद्धा पसरवण्याबाबत’. फिदेस स्त्रीलिंगी, आणि ‘दे’मुळे दोन्ही शब्द पंचमी एकवचनात. पुढे फिदे गळून पडलं आणि विशेषण तेवढं उरलं.