रात्री १ वाजता जुन्या ग्रंथालयात नेमकं काय ऐकू येतं?

नौपाडा_नाट्य (प्रश्न)
बारा मिनिटांची श्रुतिका करतोय, लोक मोबाइलवरच ऐकतील. ठाण्यातलं शंभरी ओलांडलेलं काल्पनिक ग्रंथालय, मागची पुस्तकांची खोली, जुलैचा पाऊस, रात्रीचा १, एकटा रखवालदार. भूत दाखवायचं नाही, फक्त शंकेची पाल चुकचुकली पाहिजे. सध्या संहितेत तीन गोष्टी आहेत: लोखंडी रॅक टकटक वाजतात, एक पुस्तक आपोआप पडतं, ट्यूब बंद केली तरी उजेड राहतो. यातलं खरं काय आणि ते का होतं?

दाखलनोंद
महिना बदला, नाहीतर टकटक काढा. दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

स्लॉटेड अँगलचे, म्हणजे भोकं असलेल्या लोखंडी पट्ट्यांचे, रॅक नटबोल्टवर उभे असतात. पोलाद निवताना दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन आकसतं. ७ फुटी अँगल ८ अंशांनी निवला तर फरक जेमतेम ०.२ मिलिमीटर. पण तो सावकाश सरकत नाही. बोल्टखाली अडकून राहतो, ताण साठतो आणि एकदम सुटतो. तीच ती 'टक्'. मग बराच वेळ काही नाही, मग लांबच्या रांगेत दुसरी. ठेक्यात वाजवलीत तर घड्याळ वाटेल. जुलैत ठाण्यात दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नसतो, त्यामुळे रॅक गप्प. हा आवाज डिसेंबर-जानेवारीचा.

पुस्तक पडण्याचंही तेच. पावसाळ्यात कागद ओल पितो, फुगतो, भरलेली रांग गच्च आवळते. तेव्हा पुस्तक पडत नाही, ओढलं तर वरच्या टोकाला कणा फाटून हातात येतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की रांग सैल पडते, टेकू नसेल तर कडेचं पुस्तक रोज थोडं थोडं कलतं. रूळ जवळ असतील तर लोकल थांबल्यावरही जाणाऱ्या मालगाडीची थरथर त्याला शेवटचा धक्का द्यायला पुरते. म्हणून फळीचा पाचवा हिस्सा रिकामा सोडून कडेला टेकू लावतात. तुमच्या ग्रंथालयात तो लावलेला नाही असं समजा.

जुलैच हवा असेल तर लाकडी कपाट वापरा. दार फुगून चौकटीत बसलेलं असतं, दोन हिसक्यांना दाद देत नाही, तिसऱ्याला उघडतं आणि काचा खळखळतात.

चोक_स्टार्टर
उजेडाची गोष्ट बारमाही आहे, ती ठेवा. मात्र ट्यूब कुठली ते ठरवा.

जुनी चोकवाली असेल तर बंद केल्यावर आतली पांढरी भुकटी काही सेकंद मंद चमकते. दिवसा कळत नाही, काळोखात कळतं. एलईडी पट्टी असेल तर ती रात्रभर मिणमिणू शकते. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलेलं असतं, किंवा बटणातल्या लाल निऑनमधून थोडासा प्रवाह जात राहतो. बटण बंद असताना दिव्याच्या टोकाला टेस्टर पेटला, तर पहिला संशय न्यूट्रलवरच. वायरमन मेन बंद करून ते दहा मिनिटांत बदलतो. कोणी बदलत नाही ही गोष्ट वेगळी.

श्रुतिकेला मरायला टेकलेली चोकवाली ट्यूब जास्त कामाची. टोकं काळी पडलेली, आत नारिंगी धग. तिला पेटायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून स्टार्टर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो: टिंग, टिंग, मग काही नाही.

खळ_मोरचूद
वासाबद्दल कोणी बोललंच नाही. रखवालदाराच्या तोंडी एखादं वाक्य द्या, पण बरोबर द्या. 'जुन्या पुस्तकांचा गोड वास' लाकडाच्या लगद्याच्या कागदाचा. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य, विघटित होताना व्हॅनिलिनसारखी (व्हॅनिलाच्या वासाची) द्रव्यं सुटतात, कागद पिवळा होऊन कडेला तुटायला लागतो. शिळाप्रेसवरची जुनी पुस्तकं चिंध्यांच्या कागदावर असतील तर तो वास येत नाही आणि पानंही अजून मऊ असतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. तुमचं काल्पनिक ग्रंथालय त्या वयाचं धरलंत तर दोन्ही कागद शेजारी शेजारी असतील. वर डांबरगोळ्या. पावसाळ्यात यावर बुरशीचा कुबट थर चढतो. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते, आणि ठाण्यात जुलैत त्याहून कमी क्वचितच असते.

किडे: कसर आवाज करत नाही. खळीत बांधणीवाल्याने मोरचूद घातलं नसेल तर ती कणा खाते, आणि तेही मुकाट्याने. लाकडात टकटक करणारा भुंगा विलायती गोष्टींतला आहे, तो इथे आणू नका. वाळवीचे सैनिक धोका जाणवला की डोकं आपटतात, पण ते ऐकायला फळीला कान लावावा लागतो. त्यापेक्षा चिचुंद्री बरी. भिंतीच्या कडेने चीं चीं करत जाते आणि मागे उग्र दर्प सोडते.

बूमवाला
सगळे पहिली चूक करतात ती घुमण्याची. पुस्तकांची खोली घुमत नाही. कागद वरच्या पट्टीतला आवाज खाऊन टाकतो, त्यामुळे दोन रांगा पलीकडचं पाऊल बोथट येतं आणि दिशा कळत नाही. भीती इथेच आहे. पावलांवर ४-५ किलोहर्ट्झच्या वरचं कापा, घुमारा शून्य. घुमारा जिन्यासाठी राखून ठेवा. दार उघडताक्षणी फरक जाणवला पाहिजे.

चोकची गुणगुण मुख्यतः १०० हर्ट्झची, पण मोबाइलचा स्पीकर तिथवर पोचत नाही. २०० आणि ३०० घाला, कान खालचा सूर स्वतः भरून काढतो. कोणीतरी विक टँडी या ब्रिटिश अभियंत्याचा १९९८चा लेख आणून '१९ हर्ट्झ टाका, लोक घाबरतात' म्हणेल. टँडींना एका प्रयोगशाळेत पंख्यामुळे ती कंपनं मिळाली होती, हे खरं. फोनमधून ती निघत नाहीत, विषय संपला.

नौपाडा_नाट्य
डिसेंबर केला. पाऊस गेला, टकटक आणि पुस्तक राहिलं. एकच उरलं: रखवालदाराला कोपऱ्यात 'काहीतरी पांढरं' दिसतं. हे फारच भुताटकीचं होतंय का?

दाखलनोंद
नाही, तेच सगळ्यात खरं आहे. अंधारात पाहणाऱ्या पेशी डोळ्याच्या ऐन मध्यावर नसतात. कण्यावरची पांढरी चिठ्ठी, समजा ८९१.४६ची (मराठी साहित्याचा वर्गांक), नजरेच्या कडेला दिसते आणि थेट पाहिलं की नाहीशी होते. मान वळवली की परत येते. श्रुतिकेत हे त्याच्या तोंडून बोलवावं लागेल. त्याला बॅटरी लावायला द्या. चिठ्ठी जागच्या जागी सापडेल, पण बॅटरी विझवल्यावर पुढची काही मिनिटं त्याला बाकी काहीच धड दिसणार नाही. पुस्तक तेव्हा पाडा.