रेड अलर्ट, शाळा बंद, आणि बाहेर ऊन! कितीदा सहन करायचं?

मुलुंडचा_मन्या:
काल परत तेच. रेड अलर्ट, शाळांना सुट्टी, आणि दिवसभरात रस्ता धड ओला नाही झाला. खात्री नसेल तर रेड देऊ नका ना राव. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा खाडा झाला, मुलं घरी म्हणून त्या आल्याच नाहीत, तो भरून कोण देणार? २०२५ च्या मे मध्ये हवामान खात्याने ६-६ किलोमीटरच्या चौकोनांत अंदाज देणारं भारत फोरकास्ट सिस्टिम मॉडेल आणलं म्हणे, मग उपयोग काय त्याचा.

अर्धा_कप:
रेड म्हणजे "पडणारच" असं कोणी सांगितलं तुला? २४ तासांत २०४.५ मिमी किंवा जास्त पडायची शक्यता, तेही जिल्ह्यात कुठेतरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. त्या दिवशी रेड दिला असता तर कुलाबेकर तुझ्यासारखेच बोंबलले असते.

मुलुंडचा_मन्या:
प्रत्येक वेळी २००५ काढायचं! तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं, आता कुलाबा आणि वेरावली मिळून दोन आहेत.

अर्धा_कप:
अरे रडार आत्ता ढग कुठेय ते दाखवतं, उद्या कुठे असेल ते नाही. असा एक ढग काही किलोमीटरचा, तास-दीड तासात खलास, तो ६ किमीच्या चौकोनात नीट पकडताच येत नाही. म्हणून दोन-तीन तास आधीचा नाऊकास्ट हाच त्यातल्या त्यात भरवशाचा. आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी कोल वगैरेंचा २०१७ चा पेपर आहे, मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणारी अतिवृष्टी १९५० ते २०१५ मध्ये तिप्पट झाली, अरबी समुद्रावरून येणारं बाष्प जास्त. म्हणजे रेड वाढणारच, सवय करून घे.

दहिसरची_ताई:
सवय कसली? मन्याचं निम्मं बरोबर आहे. अख्ख्या मुंबईला एकच रंग देता तिथेच घोळ. २०२० मध्ये आयफ्लोज सुरू केलं ते वॉर्डप्रमाणे पुराचा अंदाज द्यायलाच ना? किती जणांनी बघितलंय ते? आपल्या फोनवर येतो तो जिल्ह्याचा रंग, दहिसर नदीकाठच्याला आणि मलबार हिलवाल्याला सेम.

सवाआठची_लोकल:
मला तर पावसाचे आकडेच अर्धवट वाटतात. ८ जुलै २०२४ ला रात्री १ ते सकाळी ७ मध्ये काही भागांत ३०० मिमीच्या वर पडला, आम्ही उठेपर्यंत रुळांवर पाणी. आता हिशोब करा, सहा तासांत ३०० म्हणजे तासाला सरासरीच ५०, आणि ब्रिमस्टोवॅड या महापालिकेच्या पावसाळी नाल्यांच्या प्रकल्पात नाले वाढवले ते तासाला ५० मिमीसाठी, आधी तर २५ च होते. पाऊस काय सरासरीने पडतो होय, त्यात मोठी भरती असली की पाणी समुद्रात जातच नाही, पंपांवर भिस्त. तुम्ही ज्योतिषी असल्यासारखं हवामान खात्याला धरताय, नाल्यांना कोण विचारणार?

मुलुंडचा_मन्या:
नाल्यांचा वेगळा धागा काढ, तिथे येतो शिव्या घालायला 😄 माझं एकच म्हणणं, सुट्टी द्यायची तर आदल्या रात्री दहाला सांगा. सकाळी सव्वासहाला डबा भरून झाल्यावर मेसेज येतो.

दहिसरची_ताई:
सकाळचा मेसेज पहाटेचं रडार बघून येतो रे. रात्री दहालाच ठरवायचं तर फुकट गेलेले रेड अजून वाढणार, चालतील का तुला?