मदत हवी आहे : पन्हाळ्याच्या सहलीत पोरांना कामाला कसं लावायचं?

सर-मॅडम मंडळी, आठवीच्या वर्गाला पन्हाळ्याला न्यायचंय. दरवेळी पोरं तीन दरवाजात फोटो काढतात, की लगेच झुणका-भाकरीकडे पळतात. सहलीचा अहवाल मात्र सगळ्यांचा एकसारखा, कारण तो एकाचा बघून बाकीच्यांनी उतरवलेला!

यंदा अंबरखान्यावरच भर द्यायचा विचार आहे. तिथल्या गंगा, यमुना, सरस्वती या जुन्या धान्यकोठारांपैकी एकाची लांबी-रुंदी पोरांनीच टेपनं मोजायची आणि किती धान्य मावेल ते घनफळावरून काढायचं. अडचण उंचीची. टेप तिथवर पोचत नाही. सावलीवरून काढावी, तर पन्हाळ्यावर धुक्याचा काय नेम! भिंतीशी पोरगं उभं करून अंदाज घेतला तर चालेल का? कुणी असा उपक्रम घेतला असेल, तर गट किती जणांचे केले ते कृपया सांगा. कृतिपत्रिका असली तर फारच बरं.