वादग्रस्त समुद्रातील तेल: आधी वाटणी की आधी सीमा?

खाडीकाठ (चर्चाप्रस्ताव):
थायलंडच्या आखातात को लोसिन नावाचा जेमतेम दीड मीटर उंचीचा खडक आहे आणि त्यावर एक दीपस्तंभ आहे. सागरी सीमा या खडकापासून मोजायची की नाही, यावर थायलंड आणि मलेशिया यांचे एकमत झाले नाही, त्यामुळे सुमारे ७,२५० चौरस किलोमीटर समुद्रावर दोघांचाही दावा राहिला. १९७९ मध्ये दोघांनी ठरवले की सीमेची बोलणी चालू ठेवायची, पण ५० वर्षे तिथला वायू मिळून काढायचा. त्यानुसार १९९० च्या कराराने संयुक्त प्राधिकरण आकाराला आले आणि २००५ पासून उत्पादन सुरू झाले. खर्च निम्मा, उत्पन्न निम्मे.

माझ्या मते हाच शहाणपणाचा मार्ग आहे. तेल आणि वायू नकाशावरची रेघ पाहून साठत नाहीत. एकाने आपल्या बाजूने उपसा सुरू केला की खालचा दाब घटतो आणि शेजाऱ्याच्या बाजूचा साठाही तिकडे सरकू लागतो; बांधावरच्या एकाच विहिरीवर दोन भाऊबंदांनी मोटा लावाव्यात तसे हे आहे. याउलट थायलंड आणि कंबोडिया यांच्यात २००१ मध्ये सामंजस्य करार होऊनही वाटणी ठरली नाही, आणि तिथला वायू अजून समुद्राच्या तळाखालीच आहे.

मध्यरेषा:
मी पूर्णपणे असहमत आहे. आपले उदाहरण तुल्यबळ शेजाऱ्यांचे आहे. एक बाजू दुबळी असली की 'संयुक्त विकास' म्हणजे काय होते, ते ऑस्ट्रेलिया आणि तिमोर बेट यांच्यामधल्या तिमोर समुद्रात पाहावे. इंडोनेशियाने पूर्व तिमोर बळकावल्यानंतर, ११ डिसेंबर १९८९ रोजी ऑस्ट्रेलियाचे गॅरेथ इव्हान्स आणि इंडोनेशियाचे अली अलातास या परराष्ट्रमंत्र्यांनी तिमोर समुद्रावरून उडणाऱ्या विमानात बसून तिथल्या तेलाच्या वाटणीच्या करारावर सह्या केल्या. ज्यांच्या किनाऱ्यासमोरचे हे तेल होते, त्या तिमोरी लोकांना कोणी विचारलेसुद्धा नाही.

पुढे मार्च २००२ मध्ये, म्हणजे तिमोर स्वतंत्र होण्याच्या अवघे दोन महिने आधी, ऑस्ट्रेलियाने सागरी सीमांचे तंटे आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या सक्तीच्या अधिकारकक्षेतून वगळले. त्यामुळे नव्या राष्ट्रापुढे न्यायालयाचे दार बंद आणि वाटणीचा कागद समोर, अशी स्थिती झाली. २००६ च्या करारात तर ग्रेटर सनराईज या मोठ्या वायुक्षेत्राचे उत्पन्न निम्मे-निम्मे ठरवून सीमेचा प्रश्न ५० वर्षे काढायचाच नाही, असे कलम घातले गेले. या वाटाघाटींच्या काळात तिमोरची राजधानी असलेल्या दिली शहरातील सरकारी कार्यालयांत चोरून ऐकण्याची यंत्रे बसवली गेली होती, असा आरोप तिमोरने नंतर हेगच्या लवादापुढे केला. मला हे वाचताना आजही संताप येतो.

खाडीकाठ:
संताप रास्तच आहे, परंतु एक बाजू आपण सोडून दिलीत. इंडोनेशियापासून स्वातंत्र्याचा कौल दिल्यानंतर १९९९ मध्ये उसळलेल्या हिंसाचारात दिली शहर जाळले गेले होते. अशा देशाने सीमेचा निकाल लागेपर्यंत शाळा आणि दवाखाने कशावर चालवायचे होते? ऑस्ट्रेलियाबरोबरच्या २००२ च्या वाटणी करारात तिमोरला ९० टक्के वाटा मिळाला आणि त्याखालच्या बायू-उंदान या वायुक्षेत्राच्या पैशांतून २००५ मध्ये स्थापन झालेला पेट्रोलियम निधी वाढला. शिवाय २०१८ मध्ये सीमा ठरल्यावरही ग्रेटर सनराईज सामायिकच राहिले, कारण ते क्षेत्र सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहे.

मध्यरेषा:
सामायिक राहिले, पण कोणत्या हिश्श्याने? तिमोरने २०१६ मध्ये समुद्र कायद्याखालील सक्तीच्या समेटाची, म्हणजे दुसऱ्या बाजूला टाळता न येणाऱ्या, त्रयस्थ आयोगापुढच्या बोलणीची प्रक्रिया सुरू केली, आणि ६ मार्च २०१८ च्या करारात त्याचा वाटा ५० वरून वायुवाहिनी तिमोरला नेल्यास ७० आणि ऑस्ट्रेलियाला नेल्यास ८० टक्के झाला. ज्या बायू-उंदानचे १० टक्के ऑस्ट्रेलिया वर्षानुवर्षे घेत होता, ते क्षेत्र मध्यरेषेच्या, म्हणजे दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरच्या रेषेच्या, तिमोरकडील बाजूस निघाले. त्या १० टक्क्यांची भरपाई मात्र मिळालेली नाही.

खाडीकाठ:
भरपाईचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. तरीही दोष वाटणीचा नसून २००६ मधील त्या एका कलमाचा आहे, असे मी म्हणेन. १९७९ च्या समझोत्यात सीमेची बोलणी बंद केलेली नव्हती, आणि ५० वर्षांत तोडगा निघाला नाही तर चालू व्यवस्थाच पुढे राहील, एवढेच त्यात लिहिले आहे.