एकाच मॅचमध्ये दोन नियम कसे?

संजूमामा: इथे अमेरिकेत इंडियानात रात्रीचे साडेअकरा वाजलेत, कॉलेज बास्केटबॉलच्या मॅचवरून आत्ता घरी आलो आणि झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. हरलो त्याचं एवढं नाही, हरते टीम कधीकधी. पण पहिल्या हाफमध्ये आमच्या गार्डने, म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणाऱ्या पोराने, समोरच्याच्या कमरेला नुसता हात टेकवला की शिट्टी, सहा मिनिटांत पोराचे दोन फाऊल, कोचने बसवलाच त्याला. डोक्यावर टॉवेल टाकून बसला होता, बघवत नव्हतं. आणि दुसऱ्या हाफमध्ये तोच हात, तीच जागा, फक्त आता त्यांचा हात आणि आमच्या पोराची कंबर, मी तिसऱ्या रांगेत, रेफरी माझ्याहून जवळ, आणि शिट्टी नाही म्हणजे नाहीच!!

आजी: जेवलास का रे

संजूमामा: हो आई, जेवलो

मावशी: अरे पण दोनच फाऊल ना, मग बसवला कशाला

संजूमामा: ताई कॉलेजला पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. एनबीएत, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, सहा, आणि तिथे मॅच ४८ मिनिटांची, इथे ४०. म्हणून पहिल्या हाफात दोन झाले की बहुतेक कोच धोका घेतच नाहीत, हाफटाइमपर्यंत बसवून ठेवतात. म्हणजे दोन हलक्या शिट्ट्या आणि आपला सगळ्यात चांगला गार्ड चौदा मिनिटं बाकावर. वर टीमचे हाफमधले सात फाऊल झाले की समोरच्याला फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटमध्ये बॉल टाकायची संधी, मिळायला लागते, दहा झाले की सरळ दोन दोन.

रिया: मामा पण हात लावणं फाऊलच आहे ना? २०१३ पासून कडक केलंय ते, ड्रिबल करणाऱ्यावर, म्हणजे बॉल आपटत पुढे नेणाऱ्यावर, हात ठेवून राहिलं की फाऊल

संजूमामा: आहेच ग, मग द्या ना! चाळीसच्या चाळीस मिनिटं द्या, दोघांना द्या. २०१७ च्या कॉलेज स्पर्धेच्या फायनलला नॉर्थ कॅरोलायना आणि गोन्झागाच्या मॅचमध्ये ४४ फाऊल दिले, लोक वैतागले, खेळाला लयच राहिली नाही, ते मला कळतं. पण खेळाडू कडक शिट्टीशीही जमवून घेतो आणि सैल शिट्टीशीही, त्याला फक्त आज कुठली आहे ते कळायला हवं.

रिया: आम्ही कनेक्टिकटवाले २०२४ विसरणार नाही. मुलींची सेमीफायनल, आयोवाविरुद्ध, एक पॉइंटने मागे, ३.९ सेकंद बाकी, बॉल आमच्याकडे आणि आमची पोरगी स्क्रीन लावताना, म्हणजे समोरच्या खेळाडूची वाट अडवून उभी राहताना, हलली म्हणून फाऊल आमच्यावर. ७१-६९ हरलो. मी चार वेळा रिप्ले बघितला, हलली होती ती, मान्य. पण तशा स्क्रीन मॅचभर लागतात आणि सोडून देतात, मग नेमकं तेव्हाच??

संजूमामा: आणि २०१९ आठव. व्हर्जिनिया ऑबर्न सेमीफायनल. व्हर्जिनियाच्या पोराच्या पायाला लागून बॉल उडाला, त्याने दोन्ही हातांनी पकडला आणि परत ड्रिबल, असं थांबून पुन्हा ड्रिबल करायला बंदी आहे, सरळ सरळ डबल ड्रिबल, कोणीच दिला नाही. मग ०.६ सेकंद असताना तीन पॉइंटचा शॉट टाकणाऱ्या व्हर्जिनियाच्या खेळाडूला टक्कर लागली म्हणून ऑबर्नवर फाऊल दिला, त्याने तिन्ही फ्री थ्रो आत टाकले, व्हर्जिनिया ६३-६२ जिंकली. तो फाऊल होता, मी त्यावर भांडत नाही. पण ती बारीक टक्कर दिसली आणि काही सेकंद आधीचं ढळढळीत दिसलं नाही, हे ऑबर्नच्या पोरांनी कसं गिळायचं सांग. व्हर्जिनियाने पुढे ट्रॉफी नेली.

मावशी: रिप्ले बघत नाहीत का

संजूमामा: साध्या फाऊलला नाही. मुद्दाम जोरात मारलं, घड्याळ, असल्या गोष्टींना बघतात. आता कोचला चॅलेंजपण दिलंय, म्हणजे बॉल बाहेर कोणाकडून गेला असल्या निर्णयांवर रिप्ले मागता येतो, पण कमरेवरच्या हातावर नाही मागता येत.

आप्पा: मी वीस वर्षं जिल्ह्याच्या कबड्डीत पंच होतो. बोनस रेषा ओलांडताना चढाईपटूचा मागचा पाय हवेत होता का नाही, हे डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात ठरवायचं. चुकतो माणूस. लोकांनी चपला फेकल्यात माझ्यावर. पण एक पाळलं. पहिल्या पाच मिनिटांत जो पाय दिला तोच शेवटच्या चढाईला दिला, मग यजमान संघ असो नाहीतर कोणी.

संजूमामा: आप्पा हेच!! मला चुकीबद्दल बोलायचंच नाहीये, रेफरी तिघं असतात, एकेकाला आपापला भाग बघायचा, दहा जण पळतायत, चुकणारच. आणि हे लोक मॅचगणिक पैसे घेणारे, आज एका गावी उद्या विमानाने दुसऱ्या, वेगवेगळ्या लीगसाठी, रोज बरोबरचे दोघं वेगळे. मग एकसारखी शिट्टी येणार कुठून. एनबीए निदान अटीतटीच्या मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांतलं काय चुकलं ते दुसऱ्या दिवशी छापतं, २०१५ पासून. कॉलेजवाल्यांनी तेवढं तरी करावं. एकोणीस वर्षांचं पोर आहे ते आप्पा, मॅच संपल्यावर रेफरीकडे बघत हात पसरून उभं होतं, नक्की काय करू म्हणून.

आजी: बिचारं

आप्पा: मॅच रेकॉर्ड असेल तर ते दोन्ही हात मला पाठव. पहिल्या हाफातला आणि दुसऱ्यातला. कुठला कधीचा ते लिहू नकोस.

संजूमामा: सकाळी कापून पाठवतो आप्पा. तुम्ही सांगा कुठला फाऊल.