गाडी ऑनलाइन विकली, सात महिन्यांनी चलन माझ्याच नावावर. मदत हवी आहे

निगडीकर:
मार्चमध्ये माझी वॅगनआर ऑनलाइन विकली, पैसे खात्यात आले, गाडी गेली, विषय संपला असं वाटलं. आता चलनाचे मेसेज येतायत, काल तिसरं आलं, समृद्धीवर ओव्हरस्पीडचं, मी त्या रस्त्यावर कधी गेलोच नाही. एमपरिवहन या सरकारी ॲपवर मालक म्हणून अजून माझंच नाव. समोरचा फोन उचलत नाही. काय करू ते लवकर सांगा.

गाडीवेडा_१४:
समोरचा म्हणजे कोण, घरगुती गिऱ्हाईक की डीलर? मालकी बदलायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या केल्या होत्या का? लोन होतं का?

आबा_६१:
म्हणूनच ऑनलाइनच्या नादी लागू नये. आमच्या ओळखीच्या एजंटकडून मी तीन गाड्या विकल्या, एकदाही आरटीओची पायरी चढलो नाही.

पाटण_सातारा:
आबा, एजंटचंही काही खरं नसतं हो. माझ्या मावसभावाचे सही केलेले फॉर्म एजंटच्या टेबलात दोन वर्षं पडून होते. नाव बदललं का ते आपणच बघायचं.

निगडीकर:
डीलर. सह्या केल्या, तारीख मात्र कोरी ठेवायला सांगितली. डिलिव्हरी नोटचा फोटो व्हॉट्सॲपवर आहे. लोन २०२२ लाच फिटलं.

गाडीवेडा_१४:
लोन फिटलं पण आरसीवरून बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, काढलात का? त्याला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) लागते. बहुतेक तिथंच अडकलंय.

निगडीकर:
एनओसी कपाटातच आहे. ती आरटीओत द्यायची असते हे मला कोणीच सांगितलं नाही.

रश्मी_के:
वॅगनआर कितीला गेली? माझी २०१७ ची व्हीएक्सआय आहे, पेट्रोल, सिंगल ओनर, दिवाळीनंतर काढायचीय.

कोर्टकचेरी:
रश्मीताई, त्यासाठी वेगळा धागा काढा ना. निगडीकर, चलनाचं नंतर बघू, आधी अपघाताचा विचार करा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार, सुप्रीम कोर्ट, २०१८: नोंदीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते राहिलंय. उद्याच लेखी अर्ज द्या, डिलिव्हरी नोट आणि बँक स्टेटमेंट जोडा, पोच घ्या. पोलीस स्टेशनलाही एक प्रत द्या. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरने गाडी ताब्यात घेतली की पोर्टलवर फॉर्म २९सी भरावा लागतो, तो भरलाय का विचारा.

आबा_६१:
फास्टॅग बंद केला का? नाहीतर टोल तुमच्याच खात्यातून जात राहील.

निगडीकर:
आबा, खरंच नाही केला! आत्ता बघितलं, समृद्धीचे दोन टोल कापलेत.

पाटण_सातारा:
मग तेही स्टेटमेंट अर्जाला जोडा, गाडी कुठल्या दिवशी कुठे होती ते त्यात दिसतं. २०१९ च्या एप्रिलआधीची असेल तर एचएसआरपी पाट्या (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) बसवल्यात का तेही बघा, त्याशिवाय बोजा उतरवायचं काम पुढे सरकत नाही.

निगडीकर:
२०१६ ची आहे, पाट्या जुन्याच होत्या. पण गाडीच माझ्याकडे नाही तर पाट्या बसवायच्या कुणी?