तीच जागा, पुन्हा एकदा : मुलांबरोबरचे अनुभव

रत्नागिरीला झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे. माझा मुलगा ३ वर्षांचा होता तेव्हा त्या सांगाड्याजवळ जायलाच तयार नव्हता. माझ्या कडेवर बसून, मान खांद्यात खुपसून, एका डोळ्याने त्याने तो पाहिला. ८व्या वर्षी गेलो तर बरगड्या मोजायला लागला. तीनदा चुकला आणि तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली. गेल्या महिन्यात घरी पाहुणे आले म्हणून परत गेलो. आता तो १४चा आहे. पाहुण्यांची चिमुरडी घाबरून रडायला लागली, तर त्याने न सांगता तिला उचललं आणि हळू आवाजात म्हणाला, "तो काही करत नाही गं. आपण लांबूनच बघू. तू सांगशील तेव्हा जवळ जाऊ."

हे वाक्य माझं होतं. ११ वर्षांपूर्वी मी त्याला तिथेच, तसंच म्हटलं होतं. त्याला ते आठवत असणं शक्य नाही, पण मला आठवलं.

मूल वाढतंय हे रोज एकत्र राहून कळत नाही. जागा तीच असली की मात्र लख्ख दिसतं. आपण दर सुट्टीत नवं ठिकाण शोधतो, तेही चांगलंच. पण मला आज तुमच्याकडून जुन्या ठिकाणांबद्दल ऐकायचंय. कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर, गडावर, देवळात, गावच्या विहिरीवर मुलांबरोबर पुन्हा पुन्हा गेला असाल आणि कधीतरी एकदम जाणवलं असेल की अरे, हे मूल आता ते राहिलं नाही, तर लिहा. मुलांची नावं नकोत, वय पुरे. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

मालवणकडचा, सध्या डोंबिवली

आमचं दरवर्षीचं ठिकाण सिंधुदुर्ग किल्ला. मे महिन्यात गावी गेलो की एक दिवस किल्ल्यासाठी ठरलेलाच, कारण पुढे पावसाळ्यात होड्या बंद होतात आणि गणपतीत आलो तरी दर्या शांत असेलच असं नाही.

मुलगा ४ वर्षांचा असताना मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटली आणि याने भोकाड पसरलं. माझी आई शेजारी बसलेली. तिने त्याला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "रडतंस कित्याक रे झिला? होडी पाळण्यासारखीच हलता." किल्ला येईपर्यंत ती त्याला जोजवत होती. किल्ल्यात त्याने काहीच पाहिलं नाही, फक्त लिंबू सरबत प्यायला.

मग दर वर्षी थोडं थोडं. एका वर्षी दूधबाव, दहीबाव, साखरबाव ही विहिरींची नावं त्याला इतकी आवडली की परतताना होडीभर तेच. भोवती चहूकडे खारं पाणी आणि आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, हे कसं, असं त्याने १० वर्षांचा असताना विचारलं. मला नीट सांगता आलं नाही. खडकात मुरलेलं पावसाचं पाणी, एवढंच म्हटलं. त्याचं समाधान झालं नाही. पुढच्या वर्षी तो शाळेच्या बाईंकडून समजून घेऊन आला आणि दूधबावेच्या काठावर मला समजावलं: गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे बेटाच्या पोटात ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहू शकतं. गेली ४० वर्षं मी त्या किल्ल्यात जातोय. हे मला मुलाने सांगितलं.

यंदा आई ७६ची. तिचे गुडघे गेलेत. धक्क्याच्या पायऱ्यांवर होडी खालीवर होत होती, तिला पाय टाकवेना. पोरगा आधी होडीत उतरला, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "आजी, माझ्याकडे बघ, पाण्याकडे बघू नको." होडीत तो तिच्या शेजारी बसला. १६६४ साली महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला हे तिला पाठ आहे, तरी तो सांगत होता आणि ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत होती.

अलिबागची आई

कुलाबा किल्ला. ओहोटीला चालत जाता येतं. लेक ५ वर्षांची असताना आम्ही आत गणपतीपाशी रेंगाळलो आणि परतताना पाणी गुडघ्याला लागलं. बाबांच्या खांद्यावर बसून आली, तिला मजा वाटली. माझा जीव मात्र किनाऱ्याला लागेपर्यंत थाऱ्यावर नव्हता.

त्यानंतर सासऱ्यांनी तिला कोळ्यांचा हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास ओहोटी. हा अंदाज आहे, निघण्यापूर्वी किनाऱ्यावर विचारायचंच. पण शाळेत अपूर्णांक यायच्या आधी तिला पाऊणकी येत होती. आता ११ची आहे. परवा गेलो तेव्हा सगळे निवांत बसलेले असताना तीच उठली. "आई, चला. पाणी फिरलंय."

वेळासला जाणारे, पुणे

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला आम्ही तीन वेळा गेलो. कासवांसाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि परत जातात. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्री नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे २००२ पासून संरक्षणाचं काम उभं केलं. अंडी काढून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यांत ठेवतात. दीडेक महिन्याने, कधी थोडं उशिरा, पिल्लं वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलून बघतात. पिल्लं असली तर समुद्राच्या अलीकडे वाळूवर सोडतात, आपण दोरीच्या मागे उभं राहायचं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मोठी ६ वर्षांची होती. टोपल्या एकामागून एक उचलल्या, सगळ्या रिकाम्या. संध्याकाळीही रिकाम्या. तिने वाळूत लोळण घेतली. "मग आपण कशाला आलो?" सात तास गाडीत बसून आल्यावर तिचा प्रश्न मला रास्तच वाटला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या काकूंनी तिला उकडीचा मोदक हातावर ठेवून सांगितलं, "बाय, ती आपल्या वेळेला येतात. आपण त्यांच्या दारी आलोय ना?"

दुसऱ्या खेपेला, ती ९ची, ३० पिल्लं मिळाली. काळपट, तळहातावर मावतील एवढी. एक पिल्लू उलटं झालं तेव्हा ती दोरीखालून आत शिरणार होती. कार्यकर्त्या दादाने अडवलं. ते पिल्लू आपलं आपण सुलटं झालं, लाटेपर्यंत गेलं, लाटेने परत फेकलं, परत गेलं. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

यंदा ती १२ची आणि धाकटा ६ वर्षांचा. आणि यंदा पुन्हा रिकाम्या टोपल्या. धाकट्याचा चेहरा पडला, मी काही बोलणार इतक्यात ही त्याच्याजवळ वाळूत बसली. म्हणाली, "खाली आहेत ती. वाळू जास्त गरम असली तर मुली जास्त होतात, थोडी थंड असली तर मुलगे. आत्ता ठरून गेलंय त्यांचं सगळं. आपल्याला दिसत नाही एवढंच." मग दोघं बराच वेळ कुंपणाबाहेर बसून होते. तो मधूनमधून विचारायचा, "आत्ता?" आणि ती म्हणायची, "अजून नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीही काही मिळालं नाही. माझ्या दृष्टीने आमची ही सगळ्यांत चांगली वेळासची सहल.

दापोली तालुका

माझा मुलगा स्वमग्न आहे. वय १२. इथे लिहू की नको असा विचार दोन दिवस करत होते, कारण इतरांच्या मुलांचे टप्पे आमच्याकडे त्या क्रमाने येत नाहीत.

आमची जागा म्हणजे दाभोळची फेरीबोट. दाभोळहून धोपाव्याला जाते, गाड्या, माणसं सगळं घेऊन. तो ६ वर्षांचा असताना आम्ही गुहागरला लग्नाला निघालो होतो. बोटीची लोखंडी फळी धक्क्यावर आदळली आणि त्या आवाजाने तो कोलमडला. कान दाबून गाडीच्या पायाशी बसला, स्वतःच्या मनगटाला चावला. आजूबाजूचे लोक बघत होते. कुणीतरी म्हणालं, एक लावून द्या. मी आजही त्या वाक्याने जागी होते कधीकधी.

पण त्याच बोटीवरचा एक माणूस आला, काही न विचारता माझ्या मुलाच्या आणि लोकांच्या मध्ये उभा राहिला आणि पलीकडे पोचेपर्यंत तसाच उभा राहिला.

नंतर आम्ही ठरवलं, लग्न वगैरे काही नसताना नुसतं बोटीसाठी जायचं. रविवारी दोघं धक्क्यावर बसायचो. पहिले कित्येक रविवार फक्त लांबून बघितलं. मग फळी आदळायच्या आधी मी बोटं मोडून दाखवायचे, तीन, दोन, एक. आवाज कधी येणार हे कळलं की त्याला सोसतं, हे मला तिथे कळलं. दीड वर्षाने आम्ही पाय ठेवला. तिकीट काढून पलीकडे जायचं, उतरायचं नाही, त्याच बोटीने परत.

गेल्या दिवाळीआधी एका रविवारी माझ्या हातातल्या पिशवीमुळे पैसे काढायला वेळ लागत होता. त्याने माझ्या पर्समधली नोट घेतली, तिकीटवाल्यासमोर धरली आणि म्हणाला, "दोन. धोपावे."

अनोळखी माणसाशी तो बोललेले हे पहिले शब्द.

गुहागरची माहेरवाशीण

दाभोळच्या ताई, तुमचं वाचून डोळे भरले. धोपाव्याच्या बाजूला आमचं घर जवळच आहे, कधी उतरावंसं वाटलं तर नक्की या.

माझी जागा माहेरची विहीर. भावांना बाबांनी पाठीला डबा बांधून तिथेच पोहायला शिकवलं. मुलींनी विहिरीत उतरायचं नाही, असा तेव्हा दंडक होता. मी काठावर बसून त्यांचे टॉवेल सांभाळायचे. माझी मुलगी ८ वर्षांची झाली तेव्हा बाबांनी स्वतःच डबा शोधून काढला, दोरी बदलली, आणि मला म्हणाले, "हिला घेऊन जातो." बस, एवढंच बोलले. बदललेला माणूस असाच बोलतो. महिनाभरात डब्याची गरजच लागेना.

ती १३ची झाली त्या मे महिन्यात मला म्हणाली, आई, आता तू. मी ४१ वर्षांची. सकाळी सहाला, वाडीत कुणी उठायच्या आत, आम्ही दोघी जायचो. तोच डबा. ती माझ्या हनुवटीखाली हात धरून, "पाय मार, आई, पाय. मी सोडणार नाही." बाबा वर रहाटापाशी पाठ करून बसायचे. माझा टॉवेल त्यांच्या मांडीवर.

देवगड

मुलगा १५चा. कुठेच येत नाही. कुणकेश्वरला यात्रेला पण मित्रांबरोबर जातो. तुमचं सगळं वाचून छान वाटलं आणि थोडं दुखलंही.

राजापूरचे बाबा

देवगडच्या दादांसाठी लिहितो. माझी मुलगी १६व्या वर्षी अशीच झाली होती. आम्ही दरवर्षी रथसप्तमीला कशेळीला कनकादित्याच्या दर्शनाला जातो. ती गाडीतूनच उतरायची नाही. एकदा मीच विचारलं, तुला या वाटेवर काही बघायचंय का? ती म्हणाली, सड्यावरचा हत्ती.

आम्हाला पत्ताच नव्हता. कशेळीजवळ जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळी माळावर, कोरलेला प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी लहान प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. इतकी वर्षं आम्ही जवळून जात होतो. त्या दिवशी ती पुढे, आम्ही मागे. हत्ती इतका मोठा की जवळून नुसत्या रेषाच दिसतात. "बाबा, इथून नाही कळणार, मागे या. अजून मागे." मी मागे मागे सरकत गेलो आणि मग दिसला.

तुम्ही मुलाला घेऊन जाऊ नका. त्याला विचारा, तू मला कुठे नेशील.

रत्नागिरी, एका मुलीचा बाप

माझी जागा तर स्थिरही नाही. करबुडे बोगदा. रत्नागिरीहून मुंबईकडे जाताना भोके आणि उक्षीच्या मध्ये, साडेसहा किलोमीटर. दर दिवाळीत आत्याकडे ठाण्याला जायचो आणि बोगदा सुरू झाला की लेक आकडे मोजायला लागायची. ५ वर्षांची असताना तिला १०० पर्यंतच यायचे. शंभर झाले तरी अंधारच, मग परत एकपासून. पहिलीत गेल्यावर एकदा ती १०० वर थांबली नाही. १०१ म्हणाली, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, मग १०२. त्या वेळी २८७ ला उजेड आला. नंतर दर वर्षीचा आकडा ती माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर लिहायची. गाडी कधी हळू असायची, कधी जोरात, त्यामुळे आकडा बदलायचा. मधली तीन-चार वर्षं कोरी आहेत. तेव्हा कानात हेडफोन असायचे, मी काही म्हटलं नाही.

यंदा जुलैत ती शिकायला मुंबईला गेली. पहिल्यांदा एकटी. बाहेर धो धो पाऊस, सामान चढवलं, आईने लाडवांचा डबा दिला, दोघी रडल्या, मी पाण्याची बाटली आणायला गेलो ते गाडी हलायच्या वेळी परत आलो. गाडी सुटल्यावर बायको म्हणाली, चला. मी म्हटलं, जरा बसू. फलाटावरच्या बाकावर बसून राहिलो. भोके गेलं असेल असा हिशेब मनात चालला होता.

थोड्या वेळाने फोन वाजला. मेसेज होता.

"३१२. डायरीत लिहा."